अक्का, आपण तिसरे आलो

अक्का, आपण तिसरे आलो. तुला चौथं यायचं होतं हे मला माहीत आहे, म्हणून ही बातमी आधी सांगून टाकतो. बाकीचं सावकाश सांगेन. आता मला कसलीच घाई नाही. दिवसाआड दुपारी तुला डायलिसिसला न्यायला गाडी काढायची नसते. तरी जेवण झालं की माझा हात खिशात किल्ली चाचपत राहतो. सुलभा, तुझी भावजय, ते बघते आणि ताटं उचलते. तुझं बिनमिठाचं वेगळं पातेलं तिनं घासून वरच्या फळीवर ठेवलंय. आमची भाजी अजूनही आळणीच होते. तिच्या हाताला सवय लागली आणि आमच्या जिभेलाही.

पेपरात द्यायचा मजकूर आपल्या चुलतभावानं लिहिला. जन्म, शाळेतली क्रीडाशिक्षिकेची नोकरी, निवृत्ती, मागे भाऊ आणि भावजय. त्यात खोटं काही नव्हतं, पण तूही कुठे नव्हतीस. तू पंचाशी भांडायला लागलीस की तुझी ओढणी धरून मागे ओढावं लागायचं, हे त्यात कसं येणार? ते काम माझं होतं. क्लबच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची तू कोच आणि मी तुझा असिस्टंट. असिस्टंट म्हणजे पाण्याच्या बाटल्या भरायच्या, घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, आणि वेळ येईल तेव्हा ओढणी धरायची. विम्याच्या ऑफिसात एवढी वर्षं काढली, पण कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर माझ्या तोंडी पहिलं हेच यायचं.

मला बॉल धरायला तूच शिकवलंस. बाबांचं चिकपेटेतलं कापडाचं दुकान रविवारी बंद असायचं, तेव्हा ते दुपारभर झोपायचे. आई म्हणायची, आवाज करू नका. मग तू मला क्लबच्या सिमेंटच्या कोर्टवर न्यायचीस. तू तेव्हा कॉलेजात होतीस, विद्यापीठाच्या संघातून खेळत होतीस, आणि मी असा काडीपहिलवान की बॉल रिंगपर्यंतसुद्धा जायचा नाही. इतर मुलींचे भाऊ कोर्टच्या कडेला बहिणींवर लक्ष ठेवायला बसायचे. मला तू कडेला बसू दिलं नाहीस. "राखण करायला आलास का खेळायला?" असं विचारलंस, आणि बॉल छातीवर फेकलास. तो लागला. मी रडलो. तू म्हणालीस, "सरी, रडून झालं की परत फेक." 'बरं' म्हणायच्या जागी तुझ्या तोंडी कायम कन्नड 'सरी'. त्यानंतर मी तुझ्याकडून एकही खेळ जिंकलो नाही. लहान आहे म्हणून कधी सोडलं नाहीस मला. मी नोकरीला लागलो तेव्हासुद्धा तू पंचवीस फ्री थ्रो मारून मला हरवलंस आणि मग पेढा खाल्लास.

म्हणून तर तुझं ते बोलणं ऐकून मी गडबडलो.

त्या दिवशी तू मशिनला लावलेली होतीस. अंगावर दोन पांघरुणं, तरी थंडी वाजत होती. डाव्या हातात सुया, म्हणून उजव्या हाताची बोटं मोजत होतीस. लीगची एकच फेरी उरली होती. आठ संघांतले पहिले चार पुढे जाणार आणि आपण चारांत आलो होतो, ते पक्कं झालं होतं. पहिला नंबर के. आर. पुरमचा, दुसरा मारतहळ्ळीचा, तेही पक्कं. तिसरा कोण आणि चौथा कोण, एवढंच ठरायचं होतं, आणि ते आपल्या शेवटच्या मॅचवर होतं. समोर इलेक्ट्रॉनिक सिटीचा संघ. जिंकेल तो तिसरा, हरेल तो चौथा.

"मुकू, बघ," तू म्हणालीस, "जिंकलो तर तिसरे. तिसऱ्याला सेमीफायनलला कोण मिळतं?"

"दुसरा. मारतहळ्ळी."

"त्यांनी आपलं काय केलं लीगमध्ये?"

त्यांनी आपला भुगा केला होता. त्यांची सेंटर एवढी उंच की आपल्या पोरींची उडी तिच्या कोपरापर्यंत जायची. शेवटच्या क्वार्टरमध्ये तर त्यांच्या कोचनं तिला बसवून ठेवलं, आपली दया येऊन.

"आणि हरलो तर चौथे. चौथ्याला पहिला. के. आर. पुरम."

"अक्का, ते एकही मॅच हरलेले नाहीत."

"पॉइंट गार्डचा गुडघा जाण्याआधी हरले नाहीत. गुडघा गेल्यावर कुणाशी खेळलेत? तळाच्या दोघांशी. आता त्यांचा बॉल पुढे कोण आणणार? ती दुसरी मुलगी? तिच्यावर दोघींनी प्रेस केला, अंगाला भिडून अडवलं, की तिला घाम फुटतो. आपण त्यांच्याशी हरलो ते किती कमी फरकानं, आठव. आणि तेव्हा ती गुडघेवाली धडधाकट होती."

"म्हणजे मुद्दाम हरायचं."

"मुद्दाम कोण म्हणतंय? बेंचवरच्या पोरींना खेळव. वर्षभर बसल्यात बिचाऱ्या. सईच्या घोट्याला विश्रांती दे. चैत्राला हाफनंतर बसव. मग जे होईल ते होऊ दे."

"काय होईल ते आपल्याला माहीत आहे."

"सरी, मग बरंच आहे की. स्वल्प डोकं वापर, मुकू."

मी तुला शाळेच्या त्या मॅचची आठवण करून दिली. समोरच्या शाळेच्या निम्म्या मुली तापानं पडल्या होत्या आणि चारच जणी आल्या होत्या. तू आपल्यातली एक मुलगी बाहेर बसवलीस, चारांशी चार खेळवल्यास आणि हरलीस. हेडमास्तरांनी झापलं तेव्हा मी बाहेर उभा होतो. "त्या अक्का कुठे गेल्या?" असं मी तुला विचारलं. जरा कुजकटपणेच विचारलं.

तू पांघरूण गळ्यापर्यंत ओढलंस आणि म्हणालीस, "तेव्हा माझ्याकडे पुढची वर्षं होती."

मी तुझ्या पायाशी पांघरूण खोचलं.

घरी येताना गाडीत तू डोळे मिटून होतीस. लालबागच्या सिग्नलला मध्येच म्हणालीस, "एकदा फायनल बघायची होती. बाकावर बसून." एवढंच. मग पुन्हा डोळे मिटलेस. खेळाडू म्हणून तू फायनल खेळली होतीस, जिंकलीही होतीस. कोच म्हणून आपण सेमीफायनललाच दोनदा पोचलो आणि दोन्ही वेळा आपटलो, हे मला माहीत होतं. पण तुला ते इतकं लागून राहिलंय हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं शेजारी बसून कळलं नाही.

मला तेव्हा वाटलं होतं, तू मरणाबद्दल बोलायचं टाळतेस, म्हणून तिसऱ्या-चौथ्याबद्दल बोलतेस. सुलभाही म्हणाली, "त्यांना बोलू द्या. मन रमतंय." मीही हो हो करायला लागलो, आजारी माणसाशी करतात तसं. आता वाटतं, तसलं काही नव्हतं. तुला खरोखरच के. आर. पुरम हवं होतं. तू आजारी होतीस म्हणून तुझं बोलणं आजारी झालं नव्हतं. एवढं साधं समजायला मला तुझे दिवस घालावे लागले.

मग तो ताप आला. डायलिसिसच्या पेशंटना येतो तसला असेल, उद्यापर्यंत उतरेल, असं धरून आपण गेलो आणि त्यांनी तुला ठेवूनच घेतलं. वॉर्डात तुझ्या पलंगाला खिडकी होती. खाली ऑटोंची रांग दिसायची. तुझा आवाज बसला होता. मी डबा उघडत होतो आणि तू विचारलंस, "काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "तू बरी हो. मग तूच ठरव."

"हे उत्तर नव्हे."

"अक्का, आत्ता ते राहू दे ना."

तू माझ्याकडे बघितलंस. चिडलेली नव्हतीस, दमलेली होतीस. म्हणालीस, "मला झोप येतेय. तू जा." मी डबा तसाच झाकला आणि गेलो. दुसऱ्या दिवशी तुला आत हलवलं, नाकातोंडात नळ्या घातल्या. त्यानंतर मी बोललो ते काचेशी. आपलं शेवटचं बोलणं म्हणजे "तू जा", आणि मी गेलो.

तुला भीती वाटत होती का, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, कशाला वाटेल. पण विचारायला हवं होतं.

बाकीचं तुला सांगण्यासारखं नाही. बनशंकरीच्या स्मशानात विजेच्या दाहिनीपुढे रांग होती, एवढंच. सगळं मीच केलं. डोकं भादरलं. तुझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, पन्नाशीच्या बायका, आणि सगळ्या ताठ उभ्या होत्या. एकीनंही भिंतीला पाठ टेकली नाही. तुझ्या धाकाची मला तेव्हा गंमत वाटली, आणि त्या दिवसांत वाटलेली तेवढीच गंमत.

शेवटची मॅच आली तेव्हा दहावाही झाला नव्हता. मी निघालो तर काका दारात. म्हणाले, "सुतकात खेळायला चाललास?"

"मी खेळत नाही काका. बाकावर बसतो."

ते दारातून बाजूला झाले. सुलभानं हातात टोपी दिली. भादरलेल्या डोक्यावर ती टोपी घालून मी गेलो. पोरी माझ्या डोक्याकडे बघत होत्या आणि बघत नाही असं दाखवत होत्या. प्रत्येकीच्या दंडाला काळी फीत होती. चैत्रानं आणली होती, आपल्या कॅप्टननं. तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि कन्नडमध्ये बोलली. फार नाही बोलली. "अक्कानं आपल्याला शेवटपर्यंत धावायला शिकवलं. आज तिच्यासाठी जिंकायचं. बाकी काही नाही." पोरींनी हातावर हात ठेवले. मलाही हात ठेवायला सांगितला. मी ठेवला.

अक्का, तिथे हात ठेवून उभा असताना मला एकट्याला माहीत होतं की तुला काय हवंय. निदान मला तसं वाटत होतं. या पोरी जे तुझ्यासाठी करायला निघाल्यात, ते तुला नकोय. तुला त्या हरायला हव्यात. हे मी कसं सांगणार? दंडाला काळ्या फिती बांधून उभ्या असलेल्या पोरींना सांगू, की बसा, अक्काची इच्छा वेगळी होती?

मी विचार करून ठरवलं, असं मी म्हणणार नाही. नेहमीच्या पाच जणी उठून उभ्या राहिल्या आणि त्यांना खाली बसा म्हणायचं त्राण माझ्यात नव्हतं. पंचानं बॉल वर टाकला. एवढंच झालं.

चैत्रा अंगात आल्यासारखी खेळत होती. बाकीच्या तिच्यामागून धावत होत्या. गडबड होती ती सईची. आपली सई, पुण्याहून नोकरीसाठी आलेली, इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून बस बदलत आपल्या सरावाला येणारी. तिथल्याच कंपनीच्या संघानं बोलावलं तरी गेली नव्हती. तू तिच्या मराठीला हसायचीस आणि ती तुझ्या. "अक्का, तुम्ही 'स्वल्प' काय म्हणता? ते तर संस्कृत आहे," असं ती म्हणाली, तेव्हा तू म्हणालीस, "मग तुझ्यापेक्षा माझं शुद्ध." तर त्या सईचे पास त्या दिवशी कुणाच्याच हातात जात नव्हते. चैत्रा मोकळी उभी असताना बॉल भलतीकडे. एकदा तर सरळ समोरच्या मुलीच्या हातात दिला. मला वाटलं, घोटा दुखतोय. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आपण मागे पडलो. मी तिला बाहेर घेतलं.

ती बाकावर शेजारी येऊन बसली. टॉवेल तोंडावर घेतला. मी विचारलं, "घोटा?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग काय?"

"सर, मला अक्कांचा फोन आला होता. ॲडमिट होत्या तेव्हा."

मी तिच्याकडे बघितलं.

"म्हणाल्या, ही मॅच आपल्याला जिंकायची नाहीये. का ते सगळं एक्सप्लेन केलं. म्हणाल्या, मुकुंद मऊ आहे, त्याच्यानं होणार नाही. बॉल तुझ्या हातात असतो, तू कर. कुणाला बोलू नकोस." ती टॉवेलमधूनच बोलत होती. "मी हो म्हटलं. मला काय माहीत त्या... सर, ती त्यांची लास्ट विश होती. आणि इथे चैत्रा म्हणतेय अक्कांसाठी जिंकायचं. मी काय करायचं?"

खरं सांगतो, मला तुझा राग आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच रडू यायच्या ऐवजी राग आला. त्या बसलेल्या आवाजात, सलाईन लावलेल्या हातानं, माझ्या पाठीमागे तू हिला फोन केलास. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर हे ओझं ठेवलंस आणि निघून गेलीस. आणि मी मऊ. त्याच वेळी हसूही येत होतं. मरणाच्या दारात पडून ही बाई डावपेच आखतेय. बाकावर बसायची सोय राहिली नाही तर पलंगावरून कोचिंग. मी टोपी काढून डोकं पुसलं. समोर चैत्रानं कुणाचा तरी धक्का खाऊन बास्केट मारली आणि आपल्या बाकाकडे बघून मूठ वळली. ती मूठ तुझ्यासाठी होती.

मी सईला विचारलं, "तुला काय करायचंय?"

"मला नीट खेळायचंय, सर." तिनं टॉवेल खाली घेतला. डोळे लाल होते. "मला असं खेळता येत नाही. मी ट्राय केलं. पण मग अक्कांना..."

"अक्काचं मी बघतो," मी म्हटलं. "तू आत जा."

ती गेली. पुढचं तुला बघायला आवडलं असतं, कुठलाही नंबर येवो. तिनं पहिलाच पास चैत्राला असा दिला की चैत्रालाही कळलं नाही बॉल हातात कसा आला. मग दोघींनी मिळून ती मॅच ओढून आणली. शेवटी सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. सई तेवढी बाजूला जाऊन बुटाची नाडी बांधत बसली. बुटाची नाडी सुटलेली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तर असे आपण तिसरे आलो.

सेमीफायनल तेराव्यानंतर झाली. मारतहळ्ळी. काय झालं ते तुला सांगायला नको, तू आधीच सांगितलं होतंस. ती उंच पोरगी आपल्या रिंगखाली खांबासारखी उभी राहिली. चैत्रानं उड्या मारून मारून गुडघे फोडून घेतले. मी जे जे डावपेच लढवले ते त्यांच्या कोचनं दुसऱ्या मिनिटाला ओळखले. हाफपर्यंतच मॅच गेली होती. पोरी शेवटपर्यंत धावल्या, एवढं म्हणतो.

त्याच कोर्टवर लगेच दुसरी सेमीफायनल होती. के. आर. पुरम आणि इलेक्ट्रॉनिक सिटी. पोरी पायऱ्यांवर मसाला पुरी खात बसल्या. मला घरी जायचं होतं, पण सई माझ्या शेजारी येऊन बसली आणि उठेना. मग मीही बसलो. के. आर. पुरमची ती गुडघेवाली पट्टा बांधून बाकावर होती. बॉल पुढे आणायला दुसरी मुलगी. इलेक्ट्रॉनिक सिटीनं तिच्यावर दोघींचा प्रेस टाकला. तू म्हणाली होतीस ना, घाम फुटतो. अगदी तस्सं. एक बॉल गेला, दुसरा गेला, मग तिला बॉल नकोच वाटायला लागला. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पोरी, ज्यांना आपण हरवलं त्या, आरामात जिंकून फायनलला गेल्या.

सई हळूच म्हणाली, "सर, ही आपली मॅच होती."

"हो," मी म्हटलं.

"अक्का बरोबर होत्या."

"हो."

तेवढ्यात चैत्रा दोन द्रोण घेऊन आली, एक मला, एक सईला. गुडघ्याला पट्टी, चेहरा उतरलेला. तिला यातलं काही माहीत नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा, आज हरलो ते हरलो. पण तिसरे आलो. मागच्या वर्षी पाचवे होतो. अक्का असती तर खूश झाली असती ना?"

मी सईकडे बघितलं. सई म्हणाली, "हो तर. खूप खूश झाल्या असत्या."

चैत्रा बरं वाटून खायला लागली. ती कन्नडमध्ये विचारते, सई मोडक्या कन्नडमध्ये उत्तर देते, आणि मी मध्ये द्रोण धरून बसलोय. त्या क्षणी मला वाटलं, तू असायला हवी होतीस. खूश व्हायला नव्हे. "बघितलंस? काय सांगत होते मी?" असं म्हणत माझी चामडी लोळवायला. घरी पोचेपर्यंत गाडीत तेच ऐकलं असतं, आणि मग जेवताना सुलभाला साक्षीला धरून पुन्हा एकदा.

तुझा हिशोब चोख होता, अक्का. हे मी घरात बोललेलो नाही. आपण चौथे आलो असतो तर तू म्हणालीस तसं के. आर. पुरमला गाठलं असतं, आणि बहुतेक हरवलंही असतं. मग फायनलला पुन्हा मारतहळ्ळी, आणि तिथे आपटलो असतो, पण फायनल झाली असती. तुला बघायला मिळालीच नसती, हेही खरं. तुझ्याविना झालेली फायनल तुझ्या कामाची होती का, हे मी स्वतःला विचारत बसतो. आधी वाटायचं, नाही. आता वाटतं, होती. तू स्वतःसाठी मागितली असतीस तर माझ्याशी भांडत बसली असतीस. तू सईला फोन केलास तेव्हा तुला कळलेलं असणार की तू काही त्या बाकावर बसत नाहीस. तरी केलास. म्हणजे फायनल पोरींची व्हावी असं तुला वाटत होतं. की तसं नव्हतं? नुसतं आपलं म्हणणं खरं करून दाखवायचं होतं? तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. कुठलंही असलं तरी माझी हरकत नाही.

आणि तरी सांगतो. पुन्हा तोच बाक, तीच सई, तोच टॉवेल समोर आला, तर मी पुन्हा तिला आतच पाठवीन. तू म्हणालीस म्हणून मऊ, तर मऊ. रविवारच्या त्या दुपारी तू मला कडेला राखणीला बसू दिलं असतंस, तर कदाचित मी आज वेगळा वागलो असतो. खेळायला लावलंस ते तू. मग आता तक्रार कशाची? तू माझ्यावर चिडशील, आणि तुझं चिडणं बरोबर असेल. माझं पाठवणंही बरोबर असेल. हे दोन्ही एका वेळी कसं खरं असतं, ते मला नीट मांडता येत नाही. तू असतीस तर भांडता भांडता काहीतरी निघालं असतं. आपलं नेहमी तसंच निघायचं.

काल परत सराव सुरू केला. दमलोय अक्का, खूप दमलोय, पण पोरी आल्या होत्या. सईसुद्धा बस बदलून आली. चैत्राचा गुडघा बरा आहे. पुढच्या वर्षी कोच कोण, असं कुणी विचारलं नाही, आणि सगळ्या माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, या वर्षीपासून आपण जागा वाटून अडवायचा झोन डिफेन्स सोडून देऊ, प्रत्येकीनं आपापली मुलगी धरायची. वीस वर्षं मी हे म्हणतोय आणि वीस वर्षं तू मला उडवून लावतेस.

पोरी म्हणाल्या, "सरी अण्णा."

कुणीच काही विचारलं नाही. मी उगाच थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कुणी भांडतंय का बघत. मग शिट्टी वाजवली.